कोंब कुणी खाल्ला? हरणाचा चारा मोजायच्या तीन रीती

ज्या साली अंजनाला बी चांगलं धरतं, त्या पावसाळ्यात झाडाखाली रोपांची दाटी होते. तीन वर्षांनी त्याच जागी जा, कमरेएवढं एकही रोप दिसत नाही. गाव म्हणतं हरणांनी खाल्लं, वनरक्षक म्हणतो बकऱ्यांनी. यावल-शिरपूरकडच्या किंवा गौताळा अभयारण्याच्या पायथ्याच्या एखाद्या वनहक्क समितीला चराईबंदीचा ठराव करण्याआधी हे मोजून बघायचं असेल, तर रीती तीन आहेत. तिन्ही थोड्याफार करून पाहिल्यात, आणि तिन्ही सारख्या कामाच्या नाहीत.

आधी एक खुलासा. आपल्याकडे रोही (नीलगाय) आणि चिंकाराही 'हरणं' म्हणून खपतात. शिंगं दरवर्षी गळून नवी येतात ती खरी हरणं: सांबर, चितळ, भेकर. रोह्याची शिंगं जन्मभराची. जंगलातल्या रोपाला हा फरक कळत नाही, पण तुमच्या वहीत रकाने वेगळे हवेत.

सगळ्यात स्वस्त रीत लेंड्या मोजण्याची. ठरलेल्या वाटेवर दर शंभर पावलांना थांबायचं, एक वर्तुळ आखायचं, आतल्या लेंड्यांचे ढीग मोजायचे. हिवाळ्यात मोजा, पावसाळ्यात शेणकिडे आणि पाणी मिळून काही शिल्लक ठेवत नाहीत. रोही एकाच जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतो, त्यामुळे त्याचा ढीग लगेच ओळखू येतो. गोची चितळाची आहे. चाळीसगाव तालुक्यात मी अर्धा दिवस 'चितळ, चितळ' लिहीत गेलो. मागून येणाऱ्या मेंढपाळबाबांनी एक लेंडी बोटांत चुरगाळली आणि हसून म्हणाले, "हाई ते बकरीनी शे, भो." वही खोडली. आणि ओळख बरोबर असली तरी लेंडीवरून एवढंच कळतं की जनावर इथे आलं होतं. खाल्लं काय, ते नाही.

म्हणून दुसरी रीत: खुडलेले कोंब बघायचे. ठरावीक रोपं घ्यायची, गुडघ्याखालची वेगळी, छातीपर्यंतची वेगळी, आणि प्रत्येकाचा शेंडा शाबूत आहे की तोडलेला एवढंच लिहायचं. शेंडा नीट पाहिला तर खूप काही सांगतो. सशाला वरचे दात आहेत, त्यामुळे काप तिरका आणि चाकूने मारल्यासारखा स्वच्छ. हरणाला पुढचे वरचे दात नसतात. ते फांदी धरून ओढतं, टोक फाटतं, सालीचा धागा लोंबत राहतो. पण बकरीलाही पुढचे वरचे दात नाहीत! म्हणजे ससा सुटला, मूळ भांडण तिथेच.

शिवाय सागाचं किंवा टेंभुर्णीचं रोप वणव्याने, उन्हाने वरून वाळून जातं आणि पावसात मुळातून पुन्हा फुटतं. मे महिन्यात पाहणी केली तर त्याचाही दोष हरणाच्या माथी जातो. मात्र काय शिल्लक आहे ते पाहिलं तर ही रीत खरं बोलते: धामण, बोर, अंजन गायब आणि साग, घाणेरी, रानतुळस तेवढी उभी, तर चराई जास्त आहे. कुणाची, ते नंतर.

'कुणाची' याचं उत्तर फक्त तिसरी रीत देते, कुंपणाची. दहा मीटर बाय दहा मीटरचे तीन चौकोन, एकाच उताराचे, एकाच मातीचे. एक उघडा. एकाला आठ फुटी जाळी, म्हणजे काहीच आत जाणार नाही. तिसऱ्याला बोरी-बाभळीच्या काट्यांचं चार फुटी कुंपण: बकरी बाहेर, हरीण उडी मारून आत. कागदावर हे सुरेख दिसतं. प्रत्यक्षात हरीण एवढ्याशा कोंडलेल्या जागेत उडी टाकायला बिचकतं, म्हणून तिसरा चौकोन मला पटत नाही. त्याऐवजी गावाने खरोखर पाळलेली चराईबंदीची पट्टी घ्या. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने १९९० च्या दशकापासून राखलेल्या जंगलासारखी बकरी नसलेली, हरणाला मोकळी जागा असेल, तर तोच तुमचा तिसरा चौकोन.

जाळीच्या आत रोपं जास्त दिसतील अशी अपेक्षा असते, पण निकाल उलटाही लागू शकतो. जाळीच्या आत गवत इतकं माजतं की रोपं त्याखाली गुदमरतात. बाहेर चितळाने गवत खाल्लेलं असतं आणि रोपाला ऊन मिळतं. आवळ्याच्या बियाही चितळ रवंथ करताना दूर कुठेतरी टाकून देतं. अंदमानात इंग्रजांनी नेऊन सोडलेल्या चितळांनी जंगलाची नवी रोपं खाऊन टाकली हे खरं, पण तिथे त्यांना खाणारं कुणी नव्हतं. आपल्याकडे बिबट्या आहे.

एक हिवाळा हाती असेल तर कोंबांची पाहणी करा, लेंड्या सोबत मोजा, आणि 'हरणाने खाल्लं' असं कुठे लिहू नका. ठराव, भरपाई, भांडण यासाठी पुरावा हवा असेल तर कुंपण, पण तीन पावसाळे राखणारा माणूस असेल तरच. अभयारण्यात असाल तर आधी वनखात्याची परवानगी. जाळी जूनच्या आत उभी करा आणि होळीच्या आधी चौकोनाभोवती जाळरेषा (आग अडवायला गवत काढून केलेला मोकळा पट्टा) काढा. आतलं न चरलेलं गवत बाहेरच्यापेक्षा जोरात पेटतं.