एसयू उतरवून वेबर, वेबर उतरवून पुन्हा एसयू : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या 1798 सीसीच्या एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारवर मूळचे एसयू कंपनीचे दोन एचएस4 कार्ब्युरेटर (इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणारे भाग) होते. ॲव्हरेज लिटरला साडेसात किलोमीटरवर घसरले आणि दुरुस्ती करणाऱ्याने ते झिजून निकामी झाल्याचे निक्षून सांगितले, तेव्हा मी ते उतरवून वेबर कंपनीचा एकच 32/36 डीजीव्ही कार्ब्युरेटर बसवला.

पहिले चार महिने मी वेबरवर पूर्ण समाधानी होतो. दोन कार्ब्युरेटरांचा मेळ बसवण्याचे काम संपले, पिकअप सुधारला आणि ॲव्हरेज साडेआठवर आले. पुढे गर्दीतला प्रवास वाढला, तसे ते आठच्या खाली गेले. वेबरचा ॲक्सिलरेटर पंप पेडल दाबताच पेट्रोलची चिळकांडी सोडतो. मोकळ्या रस्त्यावर ती सुखावते, पण थांबत-थांबत चालताना तीच खर्चात पडते. शिवाय वरच्या वेगात इंजिन पूर्वीइतके मोकळे धावत नव्हते.

म्हणून काढून ठेवलेले एसयू मी स्वतः उघडले. पेट्रोल सोडणारे जेट आणि त्यात वर-खाली होऊन पेट्रोलचे प्रमाण ठरवणारी नीडल थोडीशीच झिजली होती. खरा दोष बटरफ्लायच्या (हवेची वाट उघडझाप करणाऱ्या झडपेच्या) स्पिंडलमध्ये, म्हणजे तिच्या दांड्यात होता. ते बोटाने हलवले तरी खडखडत होते, आणि हा मुद्दा मला इतर सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. आयडलला, म्हणजे पेडल न दाबता इंजिन मंद चालते तेव्हा, मॅनिफोल्डमधला (इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळीतला) व्हॅक्यूम खूप जास्त असल्याने स्पिंडलच्या फटीतून हवा आत खेचली जाते, मिश्रण पातळ होते (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते) आणि इंजिन अडखळते. त्यावर उपाय म्हणून जेटचा नट फिरवून मिश्रण घट्ट केले जाते, म्हणजे त्यातले पेट्रोल वाढवले जाते. बटरफ्लाय उघडल्यावर मात्र त्या गळतीचे प्रमाण नगण्य होते, आणि घट्ट केलेले मिश्रण तसेच राहून मैलोन्‌मैल पेट्रोल जाळते. माझ्या स्पार्क प्लगांवरची काळी काजळी याचीच खूण होती. इंजिन आयडलला ठेवून स्पिंडलच्या टोकांवर कार्ब्युरेटर क्लीनरचा हलका फवारा मारला आणि इंजिनाचा वेग बदलला, तर गळती आहे असे समजावे. गरम एक्झॉस्टवर मात्र फवारा उडू देऊ नये. एवढी साधी तपासणी न करता मला नवा कार्ब्युरेटर घ्यायला लावले गेले, याचा राग अजून गेलेला नाही, कारण वेबरच्या संचाच्या लहानशा हिश्श्यात नवे बुश (स्पिंडल ज्यात फिरते त्या कड्या) आणि स्पिंडल बसले.

एसयूमधला पिस्टन हवेच्या प्रवाहानुसार आपोआप वर-खाली होतो आणि जेटवरून जाणाऱ्या हवेचा वेग जवळपास सारखा राखतो, म्हणून एकच निमुळती नीडल सर्व वेगांना पुरते. वेबरचे व्हेंचुरी (हवेच्या वाटेतले अरुंद भाग) ठरावीक मापाचे असल्याने त्याला आयडल, मेन आणि पंप अशी वेगवेगळी व्यवस्था लागते. शर्यतीसाठी इंजिन बांधणाऱ्याने वेबरचेच दोन डीसीओई कार्ब्युरेटर जरूर घ्यावेत, त्यांचा दम वेगळाच आहे. माझ्या वापरात दुरुस्त एसयू गेले आठ महिने साडेनऊ देत आहेत.

एक चूक मात्र माझीच झाली. एसयूच्या डॅशपॉटमध्ये (पिस्टनची हालचाल संथ ठेवणाऱ्या तेलाच्या कप्प्यात) मी प्रथम घट्ट इंजिन ऑइल भरले. पिस्टन मंदावून पेडल दाबताच मिश्रण गरजेपेक्षा घट्ट होई. त्यापेक्षा पातळ, 20 ग्रेडचे तेल घातल्यापासून ती तक्रार उरलेली नाही.