ग्रो टेंटमध्ये हवा आणि अंधार: वाकवलेला डक्ट की आडपडद्यांची पेटी?

शेवंती, पॉइनसेटिया किंवा कलांचो घरात ग्रो टेंट (आत दिवे लावून झाडे वाढवण्याचा बंद कापडी तंबू) लावून वाढवणाऱ्यांना हे सांगायला नको की, या झाडांना कळी धरण्यासाठी सलग लांब रात्र लागते आणि ती मध्येच उजेडाने तुटली की फुलांचे वेळापत्रक कोलमडते. त्यामुळे टेंट घेताना कापडाची जाडी, शिवण आणि चेनवरची पट्टी यांची चौकशी बहुतेक जण करतात. हवा आत कुठून आणि कशी घ्यायची, हा निर्णय मात्र सगळे सामान बसवून झाल्यावर घाईघाईत घेतला जातो, आणि उजेड आत शिरण्याची सर्वांत मोठी वाट तीच असते.

रात्री पंखा बंद करून खालच्या झडपा लावून घेण्याचा मोह होतो. पण ते परवडत नाही. टेंटमध्ये दिवे चालू असताना २६ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर दिवे विझल्यावर तीच हवा २० अंशांपर्यंत उतरताच आर्द्रता ८५ टक्क्यांच्या पुढे जाते, शिवाय कुंड्यांतील ओल्या मातीची वाफ वेगळीच. शेवंतीच्या दाट पानांत भुरी आणि राखाडी बुरशी धरायला एवढे पुरेसे आहे. म्हणजे ज्या तासांत अंधार हवा, नेमक्या त्याच तासांत हवेची वाट उघडी ठेवावी लागते. एक्झॉस्ट पंखा टेंटच्या वरच्या भागातून हवा ओढून बाहेर टाकतो हे वाकवलेला डक्ट (हवेची नळी) आणि आडपडद्यांची पेटी या दोन्ही पर्यायांत समान धरतो. प्रश्न फक्त खालून आत येणाऱ्या हवेचा आहे.

अंधार किती काटेकोर हवा, याबद्दल थोडे तारतम्य ठेवलेले बरे. शेवंतीचा व्यवसाय करणारे उत्पादक फुले येणे लांबवण्यासाठी मध्यरात्री काही तास दिवे लावतात, तेव्हा साधारण १०० लक्स (उजेड मोजण्याचे एकक) प्रकाश पुरतो. पौर्णिमेच्या चंद्राचा प्रकाश एका लक्सच्याही आत असतो. सुईच्या भोकातून डोकावणाऱ्या किरणाने झाड लगेच बिथरेल असे मला वाटत नाही. मात्र दिवा लावलेल्या खोलीतला उजेड उघड्या झडपेतून सरळ जवळच्या कुंडीवर पडत असेल, तर तो दुर्लक्ष करण्याजोगा नसतो. रात्रीची लांबी ओळखणारे झाडातले रंगद्रव्य ६६० नॅनोमीटरच्या आसपासच्या लाल प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देते, म्हणून एक्स्टेन्शन बोर्डावरचा लाल दिवा टेंटच्या आत असेल, तर त्यावर आधी काळी टेप लावावी.

आता मूळ तुलनेकडे वळतो. पहिला पर्याय म्हणजे खालच्या गोल तोंडाला लवचीक अॅल्युमिनियमचा डक्ट जोडून त्याला बाहेरच्या बाजूने दोन वळणे देणे. हे काम थोड्या वेळात होते, सुतारकाम लागत नाही, आणि थंड किंवा कोरडी हवा शेजारच्या खोलीतून आणायची असेल तर दुसरा सोपा मार्ग नाही. दुसरा पर्याय म्हणजे प्लायवूडची किंवा जाड पुठ्ठ्याची पेटी करून तिच्यात आळीपाळीने आडपडदे बसवणे, आतून सगळीकडे मॅट काळा रंग देणे आणि ती पेटी खालच्या जाळीच्या झडपेला घट्ट टेकवून ठेवणे. हवा पडद्यांना वळसा घालत नागमोडी आत येते आणि उजेड वाटेतल्या काळ्या पृष्ठभागांवर आपटत संपतो.

दोन्हींमागचे तत्त्व एकच असले, तरी आतल्या पृष्ठभागामुळे फरक बराच पडतो. चांगला मॅट काळा रंग पडलेल्या प्रकाशापैकी ५ टक्क्यांच्या आसपासच परत फेकतो. तीन वेळा आपटल्यावर मूळ प्रकाशाचा एक हजारावा हिस्साही उरत नाही. चकचकीत अॅल्युमिनियम मात्र ८५ ते ९० टक्के प्रकाश पुढे पाठवते, म्हणून तितक्याच तीन आघातांनंतरही निम्म्याहून अधिक उजेड शिल्लक राहतो. टेंटमध्ये दिवे बंद करून दहा-पंधरा मिनिटे बसावे, डोळे अंधाराला सरावू द्यावेत, आणि बाहेर कुणाला तरी डक्टच्या तोंडाशी टॉर्च धरायला सांगावे. आतल्या तोंडाशी फॉइलच्या प्रत्येक सुरकुतीवर एक फिकट रुपेरी कडे उमटलेले दिसते. त्याच वेळी चेनच्या बाजूने शिवणीची भोके ओळीने लुकलुकताना दिसतील, पण ती पट्टी चिकटवून सुटतात. डक्ट आतून काळा रंगवता येतो, मात्र लांब नळीत रंग सारखा बसत नाही, आणि बसला तरी फॉइल वाकवताना त्याचे पापुद्रे निघतात.

हेही मी कदाचित चालवून घेतले असते. आतून काळ्या अस्तराचे डक्ट मिळतात, आणि ते वापरले तर वरच्या तक्रारीतली बरीच धार बोथट होते. पण माझा निर्णय ज्या कटकटीने झाला ती वेगळीच होती: डक्टला दिलेले वळण टिकत नाही. आतल्या तारेमुळे तो भात्यासारखा ताणला जातो आणि दबतो. कुंड्या पुढे ओढून पाणी घालावे, टेंट जरा सरकवून मागची फरशी पुसावी किंवा नुसती वायर आवरावी, की एक वळण सैल होते. ते सैल झाले आहे हे दिवसा उजेडात कळत नाही. दोऱ्यांनी बांधले की बांधलेल्या जागी नळी चिमटते आणि हवेची वाट अरुंद होते; भिंतीला क्लॅम्प मारले की टेंट हलवताना तेच आड येतात. कळ्या अपेक्षित वेळी दिसल्या नाहीत की मी प्रथम डक्टकडे पाहायचो, आणि बहुतेक वेळा त्याचे वळण उघडे पडलेले असायचे. हा दोष डक्टचा की माझ्या अपुऱ्या जागेचा, यावर दुमत होऊ शकते. ज्यांचा टेंट एकदा लावला की महिनोन्महिने हलत नाही, त्यांना हा त्रास बहुधा जाणवणारही नाही.

पेटी एकदा रंगवून ठेवली की तिच्यात हलण्यासारखे काही उरत नाही. टेंट सरकवला की तीही सरकवायची आणि झडपेला पुन्हा टेकवायची, कडेला लावलेला फोमचा पट्टा फट बुजवतो. तिच्या उणिवा मात्र लपवण्यासारख्या नाहीत. ती जागा खाते. पडद्यांवर धूळ बसून काळा रंग करडा होत जातो आणि करडा रंग जास्त प्रकाश परत फेकतो, म्हणून अधूनमधून ओल्या फडक्याने आतून पुसावे लागते. झाकण स्क्रूने काढता येईल असे केले नसेल तर तेही कठीण. बारीक किडींसाठी तोंडाला जाळी लावली की हवेला अडथळा वाढतो, तेव्हा तोंड आणखी मोठे ठेवावे लागते.

मापाच्या बाबतीत दोन्ही पर्यायांत एकच गल्लत होताना दिसते. एक्झॉस्टचा डक्ट १०० मिलिमीटरचा असला की हवा आत घेण्याची वाटही तेवढीच ठेवली जाते. हवा आपोआप ओढली जायची असेल, तर आत येण्याची वाट बाहेर जाण्याच्या वाटेच्या निदान दुप्पट-तिप्पट क्षेत्रफळाची असावी. नाहीतर टेंटच्या भिंती आत ओढल्या जातात, चेनवरची पट्टी वर उचलली जाते आणि नवीनच फट तयार होते. १०० मिलिमीटरच्या डक्टचे क्षेत्रफळ सुमारे ७९ चौरस सेंटिमीटर भरते. ४० सेंटिमीटर रुंद पेटीत पडद्यांमधली फट ६ सेंटिमीटर ठेवली, तर २४० चौरस सेंटिमीटर सहज मिळतात. तेवढ्याच क्षेत्रफळाचा डक्ट घ्यायचा म्हटले, तर तो साधारण १७५ मिलिमीटर व्यासाचा घ्यावा लागतो, आणि एवढ्या जाड नळीला अडचणीच्या कोपऱ्यात दोन वळणे देऊन पाहिली म्हणजे पेटी खरोखर किती जागा खाते याचा हिशेब थोडा बदलतो.

आत येणारी हवा छोट्या पंख्याने ढकलावी, म्हणजे अरुंद डक्टही चालेल, असे काही जण सुचवतात. ते खरे आहे. पण आत ढकलणारा पंखा बाहेर ओढणाऱ्या पंख्यापेक्षा जोरकस झाला, तर टेंट फुगतो आणि दमट हवा शिवणींतून खोलीत येते. शिवाय पंख्याची पाती उजेड अडवत नाहीत, त्यामुळे वळणांचा प्रश्न जिथल्या तिथे राहतो.

टेंट असलेली खोली रात्री मुळातच अंधारी राहत असेल, तर हा सगळा खटाटोप अनावश्यक आहे. उघडी झडप आणि जाळी पुरे. हवा दुसऱ्या खोलीतून आणणे भाग असेल, तर डक्ट घ्यावा, तो काळ्या अस्तराचा पाहावा आणि जमल्यास टेंटजवळचा शेवटचा भाग पीव्हीसीच्या दोन काटकोनी एल्बोंचा करून आतून रंगवावा, म्हणजे निदान वळणे तरी जागची हलणार नाहीत. याखेरीज ज्याच्या घरात टेंट आणि संध्याकाळची वर्दळ एकाच खोलीत आहे, त्याने एक सुट्टीचा दिवस पेटीसाठी काढावा असे मी सुचवेन. रंग मात्र पूर्ण वाळून त्याचा वास गेल्याशिवाय ती टेंटला लावू नये, कारण त्या वाटेने येणारी सगळी हवा झाडांच्या पानांवरूनच जाणार असते.