निकोटिनचा गम आणि पॅच : आप्पांची बिडी सोडवताना बरेच महिने वापरून
आप्पांचा स्वरयंत्राचा कॅन्सर रेडिएशननं आटोक्यात आला पण बिडी काही सुटली नव्हती. निपाणीचा माणूस, सगळं आयुष्य तंबाखूच्या वखारीत गेलेलं, "आता व्हायचं ते झालं, सोडून काय उपयोग" हे ठरलेलं. उपयोग आहे, खूप आहे. डॉक्टरांनी नीट समजावलं की पुढं ओढत राहिलं तर तोच परत येण्याचा आणि तोंडात, फुफ्फुसात दुसरा नवीन होण्याचा धोका वाढतो. घरच्यांनी सांगितलं की भांडण व्हायचं, डॉक्टरांचं मात्र ऐकलं.

आधी बिडीची तलफ भागवायला २ एमजी निकोटिनचा गम आणला, मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतो. आप्पा च्युइंगमसारखा कचाकचा चावायचे, मग उचकी आणि मळमळ. तो तसा चावायचा नसतो. हळू चावायचा, तिखट झिणझिणलं की गालात दाबून ठेवायचा, चव गेली की परत चावायचा, असं अर्धा तास. आणि चहाच्या आधी १५ मिनिटं नाही, चहासोबत तर नाहीच, कारण मग तोंडातून निकोटिन नीट शोषलंच जात नाही. आमच्याकडं तर दर दोन तासाला चहा!

पण खरी अडचण वेगळी होती, रेडिएशननं तोंड कोरडं पडलेलं, लाळच नाही तर गम चावणार कसा. ज्यांच्या घशा-तोंडाला शेक म्हणजे रेडिएशन दिलंय त्यांच्यासाठी मी गम पहिला सुचवणार नाही. डॉक्टरांना विचारून पॅचवर, म्हणजे कातडीवर चिकटवायच्या निकोटिनच्या पट्टीवर गेलो, २१ एमजी, मग १४, मग ७. निपाणीत मिळाला नाही म्हणून बेळगावहून आणायचो, आणि स्वस्त नाही हे सांगून ठेवतो. सकाळी दंडावर किंवा छातीवर, केस नसलेल्या कोरड्या जागी, रोज जागा बदलून, नाहीतर खाज सुटते. रात्री विचित्र स्वप्नं पडायली म्हणून डॉक्टरांनी झोपताना काढायला सांगितला, मग झोप लागली.

पहिले आठ-दहा दिवस लई वाईट गेले, चिडचिड, ताटावरून उठून जाणं. तेव्हा बिडीच्या बंडलावरच छापलेल्या तंबाखू सोडायच्या हेल्पलाइनला, १८००-११-२३५६ वर फोन केला, फुकट आहे. मराठीत बोलले म्हणून आप्पा मोकळे झाले, आमच्यापासून लपवलेलं त्यांना सांगितलं की रेडिएशन चालू असताना पण ओढायचो. ऐकून मला रडू आलं. फोनवरच्यांनी आम्हाला आप्पांवर रागावायचं नाही, आणि आप्पांना ओढावंसं वाटलं की पाच-दहा मिनिटं ढकलायची, पाणी प्यायचं, फिरून यायचं असं सांगितलं. पॅचनं तलफ निम्मी झाली असंल, बाकीचं काम या फोननं केलं असं माझं स्पष्ट मत आहे.

आता पॅच बंद आहे, बिडी पण बंद आहे. जत्रेला, लग्नाला जुने वखारवाले भेटले की हात खिशाकडं जातो अजून, म्हणून तिथं मी सोबत जातो. हार्टचा त्रास असेल तर हे काहीच स्वतःच्या मनानं सुरू करू नका, आणि फॉलोअपला गेलात की डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता बिडीचा विषय तुम्हीच काढा.