दोन दिवसांत थांबलेली खाज

मावळात आमची थोडी शेती आहे आणि तिथल्या तबेल्यात दोन जनावरे आहेत. त्यांपैकी काजळी ही काठेवाडी घोडी मी दत्तजयंतीला तापीकाठी भरणाऱ्या सारंगखेड्याच्या यात्रेतून आणली. कुमैत रंगाची, म्हणजे अंग तपकिरी आणि आयाळ-शेपूट काळी, पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा, कानांची टोके आतल्या बाजूला वळून एकमेकांना टेकणारी. कोरड्या हवेत वाढलेले जनावर मावळच्या पावसात आणताना पायांची, सर्दीची काळजी मी पुष्कळ केली होती. चिलटांचा विचार मात्र मनात आला नव्हता. तिच्या खाजेवर ‘विदेशी अँटिहिस्टामिन’, म्हणजे ॲलर्जीवरचे औषध, या नावाखाली मला जे विकण्यात आले आणि त्याचे जे परिणाम झाले, ते मी इथे लिहून ठेवत आहे, कारण ते विकणारा इसम अजून फिरतो आहे.

पहिल्या पावसाळ्यात काजळी शेपूट थोडी घासत असे, त्याकडे आम्ही लक्ष दिले नाही. दुसऱ्या पावसाळ्यात, जुलैच्या मध्यापर्यंत, तिची अर्धी आयाळ गेली. संध्याकाळी पाचनंतर ती दावणीच्या खांबाला मान लावून इतक्या जोराने घासायची की पत्र्याचे छप्पर वाजत असे. आयाळीच्या मुळाशी कातडी जाड होऊन तिच्या घड्या पडल्या, शेपटीच्या मुळाशी केस तुटून खराट्यासारखे उभे राहिले आणि ओल्या जखमांवर माशा बसू लागल्या. खरारा करायला गेले की बिचारी वरचा ओठ लांब करून थरथरवायची. घोड्यांची देखभाल करणारे आमचे मोतद्दार, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते म्हणाले, “साहेब, हिला खरूज नाही, हिला पावसाळा लागलाय.” पशुवैद्यक डॉक्टरांनी कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, त्यात खरजेचे किडे सापडले नाहीत, आणि त्यांनीही निदान तेच केले: साचलेल्या पाण्याजवळ आणि कुजक्या शेणचिखलात वाढणाऱ्या बारीक चिलटांच्या लाळेची ॲलर्जी. अशी ॲलर्जी बहुतेक वेळा पहिल्या चाव्यांत दिसत नाही, एखाददुसरा हंगाम गेल्यावर डोके वर काढते.

डॉक्टरांनी आधी फेनिरामिनचे इंजेक्शन दिले, ज्याला गावोगावी लोक ‘एव्हिल’ या नावानेच ओळखतात, आणि नंतर सेटिरिझिनच्या गोळ्या सुरू केल्या. त्याच वेळी त्यांनी स्पष्ट सांगितले की घोड्यांमध्ये या औषधांचा गुण माणसांइतका भरवशाचा नसतो. काही जनावरांना पडतो, काहींना मुळीच नाही, आणि जो पडतो तोही हळूहळू. खरे काम तबेल्यातच करायचे आहे, हे त्यांचे म्हणणे मी ऐकले आणि मनावर घेतले नाही. तीन आठवड्यांत सुधारणा म्हणावी तर थोडीशी होती, पण छप्पर रोज संध्याकाळी वाजतच होते.

अशा वेळी, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, ओळखीच्या एका घोडेवाल्यामार्फत त्या इसमाचा फोन आला आणि मग तो तबेल्यात आला. वय पन्नाशीचे, बोलणे अत्यंत नम्र, अंगावर खाकी सफारी आणि हातात कातडी बॅग. शर्यतीच्या घोड्यांवर वीस वर्षे उपचार केल्याचे त्याने सांगितले. त्याने काजळीचे दात पाहिले, खूर उचलून पाहिले, आयाळीखाली हात फिरवला. ते सगळे इतके सराईतपणे की मामांसारखा जाणता माणूसही गप्प राहिला. मग त्याने आमच्या डॉक्टरांच्या गोळ्यांची पट्टी हातात घेतली आणि हसून म्हणाला, “दादा, ही माणसांची गोळी. घोड्याला घोड्याचं औषध लागतं.” या एका वाक्याने मी फसलो, हे आता मान्य करतो, कारण ते वाक्य ऐकायला अगदी बरोबर वाटते.

त्याच्याकडे दोन वस्तू होत्या. एक निळ्या झाकणाचा पांढरा डबा, आत पांढरट भुकटी, तिचा एक चमचा सकाळ-संध्याकाळ चंदीत, म्हणजे घोडीच्या दाण्यात, मिसळायचा. दुसरी म्हणजे इंजेक्शनच्या काचेच्या लहान बाटल्या, ज्यांच्यावर पळत्या घोड्याचे चित्र आणि ‘ॲलर्जीसाठी’ एवढेच छापलेले चिकटपट्टीचे लेबल होते. दर तीन दिवसांनी एक इंजेक्शन मानेत. पहिले त्याने स्वतः दिले आणि पुढची कशी द्यायची ते मामांना शिकवले. मी त्याला दोनदा विचारले की यात स्टेरॉइड तर नाही ना, आणि दोन्ही वेळा त्याने कानाला हात लावून सांगितले की हे शुद्ध अँटिहिस्टामिन आहे, बाहेरच्या देशातून येते, म्हणून महाग आहे. 6,500 रुपयांचा एक असे दोन डबे आणि 850 रुपयांची एक अशा 12 बाटल्या, एकूण 23,200 रुपये मी रोख मोजले. पावती मागितली तेव्हा ‘पुढच्या खेपेला पुस्तक घेऊन येतो’ असे उत्तर मिळाले.

दोन दिवसांत खाज थांबली. अतिशयोक्ती करत नाही: तिसऱ्या संध्याकाळी तबेल्यात इतकी शांतता होती की मामा दोनदा जाऊन पाहून आले. आठवडाभरात जखमा कोरड्या पडल्या. मी आनंदाने फोटो काढले, ओळखीच्यांना पाठवले आणि दोन जणांना त्या इसमाचा नंबरही दिला, ज्याची लाज मला पैसे गेल्यापेक्षा जास्त वाटते.

पुढच्या खुणा आमच्या डोळ्यांसमोर होत्या आणि त्या आम्ही गुण येत असल्याच्या समजलो. काजळी पाणी खूप पिऊ लागली. जिथे दिवसाला तीन बादल्या लागत, तिथे पाच-सहा लागू लागल्या आणि सकाळी खालचा पेंढा चिंब भिजलेला असे. भूक वाढली. पावसाळी हवेत घोडी पाणी इतके का पिते, हा प्रश्न मामांनी मला विचारला होता. मी म्हणालो, तब्येत सुधारते आहे.

पाचव्या आठवड्यात एका सकाळी ती दावणीवरून हलेना. पुढचे दोन्ही पाय पुढे ताणून, सगळा भार मागे टाकून उभी होती. वळवायला गेलो तर काचांवरून चालावे तशी एकेक पाऊल टाकत होती. खुराला हात लावला तर तो गरम, आणि टाचेच्या वर, पायाच्या मागच्या बाजूला बोट ठेवले की नाडी ठणठण उडत होती, जी एरवी शोधावी लागते. डॉक्टर तासाभरात आले आणि पाहताक्षणीच म्हणाले, “लॅमिनायटिस.” खुराच्या आतले हाड ज्या नाजूक थरांनी कवचाला धरून असते, त्या थरांचा हा आजार, तो वाढला तर हाड आत फिरते किंवा खाली सरकते आणि जनावर कायमचे अधू होते.

त्यांचा पुढचा प्रश्न होता, “हिला काय दिलं?” मी बाटल्या दाखवल्या. मामांनी रिकाम्या बाटल्या तबेल्यामागच्या फुटक्या बादलीत टाकल्या होत्या आणि त्या बादलीत पावसाचे पाणी साचले होते. डॉक्टरांनी एक बाटली उचलली, तर पळत्या घोड्याचे लेबल फुगून अर्धे सुटले होते. त्यांनी नखाने ते ओढले. खाली दुसरे लेबल होते, साधे, छापील, आपल्याच देशातले: डेक्सामेथासोन. म्हणजे ज्याच्याविषयी मी दोनदा विचारले होते तेच, तेही तगडे स्टेरॉइड, दर तीन दिवसांनी, पाच आठवडे.

डब्यातली भुकटी डॉक्टरांनी बशीत घेतली आणि तबेल्यात असतेच त्या टिंक्चर आयोडिनचे दोन थेंब टाकले. भुकटी क्षणात निळी-काळी झाली. हे पिठाचे लक्षण. पण त्यांनी लगेच बजावले की गोळ्यांमध्येही पीठ असते, त्यामुळे एवढ्यावरून आत औषध नव्हतेच असे शपथेवर सांगता येणार नाही. तशीच सावधगिरी त्यांनी स्टेरॉइडबद्दलही दाखवली. स्टेरॉइडने लॅमिनायटिस होतो का, किती होतो, याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत, शिवाय घोडी वजनदार होती आणि चंदीत चणे बरेच पडत होते, म्हणून सगळा दोष बाटलीवर टाकता येणार नाही. पण पाणी आणि लघवी का वाढली, याबद्दल त्यांच्या मनात फारशी शंका नव्हती. ते असेही म्हणाले की स्टेरॉइड म्हणजे विष नव्हे. खाज असह्य असेल तर ते स्वतः मोजून, थोडे दिवस, खुरांवर लक्ष ठेवून देतात. फरक एवढाच की तेव्हा देणाऱ्याला आणि मालकाला दोघांनाही माहीत असते की काय दिले जात आहे.

मग त्यांनी मला एक हिशेब करून दाखवला, जो मी आधी केला असता तर त्या इसमाचे सोंग पहिल्याच दिवशी उघडे पडले असते. काजळीच्या छातीचा घेर 162 सेंटिमीटर, खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंत लांबी 152. घेराला घेराने गुणून, त्याला लांबीने गुणून 11,880 ने भागले की वजन अंदाजे 336 किलो निघते. सेटिरिझिनची घोड्यांसाठी वापरली जाणारी मात्रा दर किलोला 0.2 ते 0.4 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. वरची मात्रा धरली तर एका वेळेला सुमारे 134 मिलिग्रॅम, म्हणजे माणसांच्या 10 मिलिग्रॅमच्या 13 गोळ्या आणि दिवसाला 26. ‘ही माणसांची गोळी’ या वाक्यातला खोटेपणा इथे आहे: औषध तेच असते, मात्रा वेगळी असते, आणि ती वजनावरून डॉक्टरांनीच ठरवायची असते. या जातीची औषधे हिस्टामिनला, म्हणजे ॲलर्जीत शरीरातच सुटणाऱ्या खाज आणणाऱ्या द्रव्याला, पेशींवर बसू देत नाहीत, पण आधीच बसलेल्या हिस्टामिनला उठवत नाहीत, आणि घोड्याच्या खाजेत हिस्टामिनखेरीज इतरही द्रव्यांचा वाटा असतो. म्हणून ती हंगामाच्या सुरुवातीपासून द्यावी लागतात. ‘अँटिहिस्टामिन’ने जुनी, जखमांपर्यंत गेलेली खाज अठ्ठेचाळीस तासांत नाहीशी होत असेल, तर बाटलीत दुसरे काहीतरी आहे, असा संशय घ्यायला हवा होता. शर्यतीच्या घोड्यांचा दाखलाही पोकळ होता, कारण शर्यतीच्या दिवशी घोड्याच्या अंगात अँटिहिस्टामिन सापडणे हाच नियमभंग ठरतो.

लेबलाबाबतही मी आंधळा होतो. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या औषधावर घटकाचे नाव, प्रमाण, बॅच क्रमांक, मुदत, उत्पादक आणि परवाना क्रमांक असावाच लागतो, आणि जनावरांच्या औषधावर ते माणसांसाठी नाही, फक्त जनावरांच्या उपचारासाठी आहे, अशी सूचना आणि पाळीव जनावराच्या डोक्याचे चिन्ह असते. माझ्या बाटलीवर पळता घोडा होता, आणि मला तो पुरेसा वाटला. त्या इसमाकडे पशुवैद्यकाची नोंदणी आहे का, हेही मी विचारले नाही. 1984च्या कायद्यानुसार ही नोंदणी असते आणि तिचा क्रमांक मागण्यात कोणाचा अपमान होत नाही.

काजळीचे पाय आम्ही पहिले दोन दिवस बर्फाच्या पाण्यात ठेवले. नाल काढले, चणे आणि चंदी बंद केली, खाली फूटभर वाळू पसरली, वेदनाशामके सुरू झाली. स्टेरॉइड अनेक आठवडे चालल्यावर शरीराची स्वतःची स्टेरॉइडची निर्मिती मंदावलेली असू शकते, म्हणून डॉक्टर त्या काळात रोज येत होते. क्ष-किरणात हाड थोडे फिरलेले दिसले. ती आठ महिन्यांनी सरळ चालू लागली. दौडीचा विषय आता नाही.

खाजेचे म्हणाल तर ती यंदा निम्म्याहून कमी आहे, आणि त्याचे श्रेय मी गोळ्यांना थोडे आणि पंख्यांना जास्त देतो. चिलट फार दुबळे उडते, वाऱ्यापुढे टिकत नाही. त्यामुळे दुपारी चारलाच घोडी आत येते, दोन मोठे पंखे सकाळचे ऊन वर येईपर्यंत चालतात, खिडक्यांना बारीक जाळी आहे, अंगावर पातळ सुती झूल असते, आणि उकिरडा आम्ही शेताच्या दुसऱ्या टोकाला हलवला. सेटिरिझिन पाऊस सुरू होण्याच्या आधीपासून, डॉक्टरांच्या हिशेबाने, चालू आहे.

त्या इसमाचा फोन लॅमिनायटिसच्या दिवसापासून बंद आहे. पोलिसांकडे आणि अन्न व औषध प्रशासनाकडे मी लेखी तक्रार दिली आहे. दुहेरी लेबलाची एक बाटली जोडली आहे आणि एक माझ्याकडे ठेवली आहे. ज्या दोघांना मी नंबर दिला होता, त्यांच्यापैकी एकाने औषध घेतलेच नव्हते, दुसऱ्याने तीन इंजेक्शने दिली होती आणि माझ्या फोननंतर थांबवली. गेल्या महिन्यात शेजारच्या तालुक्यातून एका घोडेवाल्याने मला एक फोटो पाठवून विचारले की हे औषध कसे आहे. फोटोत निळ्या झाकणाचा पांढरा डबा होता. लेबलावर आता घोडा उभा आहे, आणि डब्याची किंमत 8,000 झाली आहे.