गिरणीसाठी करंट अकाउंट: प्रायव्हेट बँक की गावातली सहकारी बँक?

मिरजेत आमची पिठाची गिरणी आहे, मार्च ते मे मिरची कांडप पण चालतं. मालक मी एकटाच, म्हणजे प्रोप्रायटरशिप. सहा वर्षं प्रायव्हेट बँकेत करंट अकाउंट होतं, आता दीड वर्ष झालं सहकारी बँकेत आहे, तर दोन्हीकडचं जे बघितलं तेच सांगतो. सरकारी बँकेत धंद्याचं खातं मी कधी काढलंच नाही, त्यामुळे तिकडचं ज्यांनी काढलंय त्यांना विचारा.

कागदपत्रांत फार फरक नाही, कारण नियम रिझर्व्ह बँकेचाच. पॅन-आधार सोडून धंद्याच्या नावाचे दोन पुरावे लागतात. उद्यम सर्टिफिकेट, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट निघतं, एजंटला पैसे देऊ नका. दुसरा गुमास्ता, म्हणजे दुकानाची नोंदणी, कामगार थोडे असले की नुसती ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती येते. लाइट बिल वडिलांच्या नावावर असेल तर ते इथे चालत नाही, आधीच धंद्याच्या नावावर करून घ्या. दोन पुरावे जमतच नसतील तर एका पुराव्यावर, बँकेच्या माणसाने जागेला भेट देऊन, खातं उघडता येतं, पण ते बँकेची खात्री पटली तरच. आणि एक, उद्यमवर फ्लोअर मिल आणि बोर्डावर आटा चक्की असं करू नका, सगळीकडे नाव अक्षरन् अक्षर एक ठेवा.

आता बॅलन्सचं. प्रायव्हेटमध्ये ॲव्हरेज बॅलन्स ठेवावा लागायचा. सिझनला काही प्रश्न नव्हता, पण पावसाळ्यात दळण कमी, त्यात मशीनचं काम निघालं की खातं खाली यायचं आणि दंड, वर त्यावर १८ टक्के जीएसटी. आमच्या सहकारी बँकेत पण मिनिमम आहे पण झेपेल इतकं आहे. तरी एवढ्यासाठी मी बँक बदलली नसती.

बदलली ती सुट्ट्या पैशांमुळे. गिरणीचा गल्ला म्हणजे काय तर दहा-वीसच्या नोटा आणि नाणी. यूपीआय आलं तरी आमच्याकडे निम्म्याहून जास्त बायका रोखच देतात. संध्याकाळी गल्ला मोजायला बसलो की नोटांना पीठ लागलेलं, सिझनला तर तिखट, बोटं चरचरतात. ते घेऊन बँकेत गेलं की कॅशियर म्हणणार मशीनमध्ये टाका, आणि तिथलं मशीन शंभरच्या खालचं काही घेत नव्हतं. नाणी तर नकोच म्हणायचे. छोट्या नोटा किंवा नाणी कुठल्याही शाखेने नाकारायची नाहीत असं रिझर्व्ह बँकेनं स्पष्ट सांगितलेलं आहे, हे मी मॅनेजर साहेबांना नीट बोलून दाखवलं, त्या दिवशी घेतले, पुढच्या आठवड्यात परत तेच. रिलेशनशिप मॅनेजरला फोन करावा तर तो बदललेला, नव्याला परत पहिल्यापासून सांगायचं. शेवटी घरात डब्यात नाणी साठायला लागली, धंद्याचे पैसे असून वापरता येईनात, फार त्रास झाला त्याचा.

सहकारी बँकेत पहिल्या दिवशी कॅशियर मॅडम एवढंच म्हणाल्या, "दादा, नाणी शंभर-शंभरची पिशवी करून आणा, म्हणजे पटकन होतं." तेव्हापासून दर सोमवारी चार पिशव्या घेऊन जातो, दहा मिनिटांत पावती हातात. वर बाजारातल्या दुकानदारांना सुट्टे लागले की तीच नाणी त्यांना जातात.

ॲप मात्र प्रायव्हेटचं खरंच चांगलं होतं. स्टेटमेंट एक्सेलमध्ये यायचं, सीएला तसंच पाठवता यायचं. इथलं ॲप हळू चालतं, कधी ओटीपी उशिरा येतो. तुमचं काम डिझाइन, कन्सल्टिंग असं असेल, सगळे पैसे एनईएफटीनेच येत असतील तर मला वाटतं प्रायव्हेटच सोयीचं पडेल. पण रोजचा रोख गल्ला असेल तर निदान माझ्या अनुभवावरून तरी जवळची सहकारी बरी.

फक्त एक गोष्ट मनापासून सांगतो. बँक बुडाली तर मिळणारा ठेव विमा एका बँकेत एका माणसाला ५ लाखांपर्यंतच आहे, आणि प्रोप्रायटरचं स्वतःचं सेव्हिंग आणि धंद्याचं करंट वेगळं धरत नाहीत, दोन्ही मिळून ५ लाख. २०१९ ला पीएमसी या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून हजार रुपयेच काढता येत होते, ते आठवलं की अजून काळजी वाटते. म्हणून घरचं सेव्हिंग मी दुसऱ्या बँकेत ठेवलंय आणि करंटला तीन लाखांच्या वर गेलं की तिकडे वळवतो.

आणि खातं बदलणार असाल तर क्यूआर लगेच नव्या खात्याला जोडा, लाइट बिलाचं ऑटो डेबिट पण बदला, आणि मगच जुनं बंद करायला द्या. माझा क्यूआर राहून गेला होता, आठ दिवसांचं दळण जुन्याच खात्यात जमा होत होतं.