एकच जेवण, दोनदा कापलेले १,८४० रुपये : आठ महिने डेबिट कार्ड वापरल्यावर

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी हिशेब लिहिते. पगार एका सरकारी बँकेत जमा होतो आणि त्या खात्याचं डेबिट कार्ड आठ महिने रोजच्या वापरात आहे. पेट्रोल, किराणा, सासूबाईंची औषधं, कुठेच अडलं नाही. पण कार्डाची खरी परीक्षा पैसे चुकीचे गेल्यावर झाली, म्हणून त्याबद्दलच सविस्तर लिहिते.

दिवाळीनंतरच्या रविवारी होटगी रोडवरच्या एका हॉटेलात आम्ही पाच जण जेवायला गेलो. मटण, कडक भाकरी, शेंगाची चटणी. बिल १,८४० रुपये. पिन टाकला, पण मशीनमधून पावती येईना. "ताई, रोल संपलाय बघा. नवीन घालतो, परत एकदा मारू." परत पिन टाकला, पावती आली. गाडीजवळ येऊन फोन बघितला तर दोन मेसेज, ९.४२ आणि ९.४६, दोन्ही १,८४० चे. लगेच आत गेले. गल्ल्यावरचे दादा म्हणाले, "पहिलं फेल गेलंय, आपोआप येतंय की परत."

त्यांनी खोटं सांगितलं नाही, पण ते चुकले. पैसे कापले गेले आणि दुकानातल्या मशीनला मंजुरीच पोहोचली नाही, तर पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत आणि पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायला हवी, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे. माझ्या वेळी मंजुरी पोहोचली होती, फक्त कागद नव्हता. दोन्ही व्यवहार हॉटेलच्या खात्यात जमा झाले. त्याच रात्री, मशीनचं सेटलमेंट (दिवसभराच्या व्यवहारांचा हिशेब बँकेकडे जाणं) व्हायच्या आधी, त्यांनी रिपोर्ट काढून एक व्यवहार रद्द केला असता तर विषय तिथंच मिटला असता. मला तेव्हा हे माहीत नव्हतं, नाहीतर मी गल्ल्यापासून हललेच नसते.

सहाव्या दिवशी ॲपवर तक्रार केली. तिथं दोन पर्याय दिसले : 'हा व्यवहार मी केलेला नाही' आणि 'एकाच खरेदीचे दोनदा पैसे गेले'. ऑफिसमधली एक मैत्रीण म्हणाली, पहिला टाक, लवकर होतं. तसं करू नका. पिन माझाच होता, मग ते खोटं ठरलं असतं. कार्ड बंद झालं असतं आणि बँकेने पिनचा पुरावा दाखवून तक्रार बंद केली असती. दुसरा पर्याय निवडला. जेवणाचं बिल, पावतीचा फोटो आणि दोन्ही नोंदींवर खूण केलेलं स्टेटमेंट जोडलं. शाखेतल्या मॅडमनी दोन्ही व्यवहारांचे आरआरएन, म्हणजे प्रत्येक व्यवहाराला मिळणारे बारा आकडी ओळख नंबरही लिहून द्यायला सांगितले. रक्कम सारखी, कार्ड सारखं, पण नंबर वेगळे; हे दोन वेगळे व्यवहार आहेत हे त्यावरूनच कळतं.

मध्येच हॉटेलवाल्यांनी फोन करून रोख पैसे देऊ केले. मी घेतले नाहीत. तक्रार चालू असताना रोख घेतले आणि बँकेनेही परत दिले, तर त्यांचं नुकसान झालं असतं.

बँकेचं मात्र मौन होतं. ॲपवर रोज 'प्रक्रियेत' एवढाच शब्द. तीस दिवस उत्तर नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. एकतिसाव्या दिवशी बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या वरच्या अधिकाऱ्याला, मेलमध्ये तेवढंच लिहिलं. सदतिसाव्या दिवशी १,८४० रुपये जमा झाले. भरपाई मागितली, ती नाकारली. मंजुरी पोहोचली होती म्हणून तो नियम लागू नाही, असं उत्तर आलं. नियम वाचल्यावर मला ते पटलं, पण सदतीस दिवसांत एक फोन करायला काय हरकत होती?

त्यानंतर ॲपमध्ये दुकानातल्या खर्चाची रोजची मर्यादा ५,००० केली, परदेशी व्यवहार बंद केले आणि पिनशिवाय टेकवून पैसे देण्याची सोयही बंद ठेवली. ही बटणं उत्तम चालतात, बदल लगेच लागू होतो. कार्डाला माझे पाचपैकी चार, तक्रार विभागाला दोन.

आणखी एक. एप्रिलमध्ये पर्स आवरताना ती हॉटेलची पावती सापडली. सोलापूरच्या उन्हाने शाई पार उडाली होती, कोरा कागद हातात आला. त्या रात्री गाडीजवळ उभं राहून काढलेला फोटो अजून फोनमध्ये आहे, त्यात ९.४६ स्पष्ट वाचता येतं.