ऑटोस्टोअर: रोबो किती यापेक्षा बिन किती खोल हे बघा

गोदामाच्या आराखड्यावर रॅकमधल्या गल्ल्या रंगवून बघा. किती जागा माल ठेवायला लागते आणि किती नुसती चालायला, ते लगेच कळतं. नॉर्वेची ऑटोस्टोअर १९९६ पासून एकच हट्ट धरून आहे: गल्ल्या नकोतच. अ‍ॅल्युमिनियमच्या खांबांची जाळी, तिच्या प्रत्येक घरात जमिनीपासून वरपर्यंत प्लास्टिकच्या बिनांची, म्हणजे उघड्या पेट्यांची, थप्पी आणि माथ्यावरच्या रुळांवर धावणारे रोबो. रोबो चार पट्ट्यांवर पकड खाली सोडतो, बिन वर ओढतो आणि पोर्टपाशी, म्हणजे माल काढण्या-भरण्याच्या जागी, उतरवतो. तिथला पिकर, म्हणजे बिनातून माल काढणारा कामगार, जागचा हलत नाही. जागेची बचत हाच निकष असेल तर ही यंत्रणा बिनधास्त घ्यावी. ती वेगवान ठरेल का, हे मात्र माल आणि ऑर्डर कशा येतात त्यावर आहे, आणि इथंच घोडं पेंड खातं.

कारण ही शेवटी उतरंड आहे. तळाचं मडकं हवं तर वरची सगळी उतरवावी लागतात. हवा असलेला बिन वरून बारावा असेल तर आधी ११ बिन काढून शेजारच्या थप्प्यांवर ठेवायचे, मग तो काढायचा, मग ते ११ परत लावायचे: एका बिनासाठी २३ उचली. तोच बिन माथ्यावर असता तर एक. या खणण्यात एकापेक्षा जास्त रोबो गुंततात आणि तेवढा वेळ इतर पोर्ट वाट बघतात. आर५ हा जुना रोबो सेकंदाला ३.१ मीटर आणि बी१ हा नवा रोबो सेकंदाला ४ मीटर धावतो, पण खोल खणण्यात हा फरक फारसा उरत नाही. पोर्टवरून परतलेला बिन वरच ठेवला जातो. त्यामुळे खपाऊ माल आपोआप वर राहतो आणि पडून असलेला तळाला जातो. वर्षाकाठी ठराविक मालच चालत असेल तर ही मांडणी कुणी न सांगता जमते. हंगाम बदलला, सवलत जाहीर झाली, की तळाचा माल एकदम मागितला जातो आणि दोन-तीन दिवस यंत्रणा धापा टाकते.

यावर उतारा म्हणजे आधीच खणून ठेवणं. ऑर्डर काही तास आधी हातात असतील तर नियंत्रण सॉफ्टवेअर मोकळ्या वेळात हवे ते बिन माथ्यावर आणून ठेवतं. रात्री आलेल्या ऑर्डर सकाळी पाठवणाऱ्यांना ही सोय आयतीच मिळते. ऑर्डर आल्यावर पाऊण तासात गाडी निघायला हवी अशा धंद्यात ती जवळजवळ संपते. ‘रोबो वाढवा’ हा सल्ला तिथं अर्धाच उपयोगी: माथ्यावर गर्दी झाली की रोबो एकमेकांना वाट देत उभे राहतात.

बिनची निवड घाईत होते आणि पुढं छळते. उंची तीन: २२०, ३३० आणि ४२५ मिलिमीटर. माल ३० किलोपर्यंत. मूळ आर५ ला ४२५ चा बिन पेलत नाही, त्यासाठी आर५ प्लस किंवा बी१ लागतो. एका जाळीत उंची एकच ठेवणं सोपं, म्हणून सगळ्यात मोठी वस्तू मावेल असा बिन घेतला जातो आणि मग बाकीच्यांत निम्मी हवा भरलेली असते. आडवे-उभे पडदे घालून बिनचे चार किंवा आठ कप्पे केले तर जागा भरते. मात्र खपाच्या दोन वस्तू एकाच बिनात टाकल्या की दोन पोर्ट एकाच वेळी तोच बिन मागतात आणि एकाला थांबावं लागतं. कप्प्यांत मंद खपाचा माल एकत्र ठेवावा, पळणारा माल स्वतंत्र बिनांत आणि तोही एकापेक्षा अधिक.

जमिनीचं गणित आधी करा. ३३० चे १६ बिन एकावर एक म्हणजे जवळपास ५.३ मीटर. प्रत्येकात पूर्ण ३० किलो धरले तर एका थप्पीत ४८० किलो माल, आणि बूड जेमतेम ०.३ चौरस मीटर. बिनांचं वजन न धरताही चौरस मीटरमागे १.६ टन भार येतो. वरच्या मजल्यावर जाळी उभारायची असेल तर स्थापत्य अभियंत्याला पहिल्या दिवशी बोलवा.

रोजच्या कटकटी साध्या असतात. बिनच्या काठावरून प्लास्टिक पिशवीचं टोक वर आलं की वरचा बिन नीट बसत नाही, थप्पी तिरकी होते, पकड अडते. मग त्या भागातले रोबो थांबवून माणसाला जाळीवर चढावं लागतं. माल भरणाऱ्याला काठाखाली रिकामी बोटभर जागा सोडायला शिकवलं तर यातले बहुतेक प्रसंग टळतात. भरतानाच्या पोर्टवर उंची तपासणारा सेन्सर बसवणं त्याहून बरं. चाकांची झीज रुळांवर बारीक भुकटी होऊन बसते, ती वेळापत्रकाने काढावी. आणि कुठला बिन कुठं आहे ही माहिती सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्येच असते. त्याची प्रत दुसऱ्या ठिकाणी नसेल तर अख्खी जाळी न ओळखता येणाऱ्या पेट्यांचा ढिगारा ठरते.

आगीबद्दल विक्रेता स्वतःहून क्वचित बोलतो. ओकाडो या ब्रिटनमधल्या ऑनलाइन किराणा कंपनीची जाळी ऑटोस्टोअरची नाही, तिची स्वतःची घडण आहे, पण तत्त्व तेच. तिच्या इंग्लंडमधल्या अँडोव्हरच्या गोदामाला फेब्रुवारी २०१९ मध्ये आग लागली ती चार्जिंगच्या जागी झालेल्या विजेच्या बिघाडातून, आणि गोदाम गेलं. जुलै २०२१ मध्ये लंडनजवळच्या एरिथच्या गोदामात तीन रोबोंच्या टकरीतून पुन्हा आग लागली. दाट रचलेल्या प्लास्टिकच्या थप्प्यांत पाणी तळापर्यंत पोचत नाही आणि अग्निशामक दलाला आत शिरायला गल्लीच नसते. चार्जर कुठे, वरचे स्प्रिंकलर कुठल्या चाचणीवर बेतले आहेत, जाळीचे भाग अग्निरोधक भिंतीने तोडले आहेत का, हे विमा कंपनीसमोर बसून करारापूर्वीच ठरवा.

वस्तू बिनात मावत नसतील किंवा माल पॅलेटवरच (फळ्यांच्या पाटावर रचून) हलत असेल तर हा पर्याय सोडा. अख्खं रॅक उचलून आणणारे रोबो तिथं बरे. किवा या अमेरिकी रोबो कंपनीने २००३ मध्ये सुरू केलेली आणि अ‍ॅमेझॉनने २०१२ मध्ये ७७.५ कोटी डॉलरना घेतलेली तीच पद्धत. तिथं जागा जास्त जाते, पण खणणं नाही.

विक्रेत्याकडे सिम्युलेशन, म्हणजे संगणकावरची नक्कल चाचणी, मागताना सरासरी ऑर्डरसंख्या देऊ नका. गेल्या वर्षातल्या सर्वात गर्दीच्या तीन दिवसांच्या ऑर्डरच्या सगळ्या ओळी (वस्तूगणिक नोंदी), आल्याच्या वेळेसकट द्या, आणि प्रत्येक पोर्टवर पिकर किती सेकंद बिनाची वाट बघत बसला तेवढंच विचारा.